सर्व वजनगटांत श्रेष्ठ कोण?

जे दोन योद्धे एकमेकांसमोर कधी उभे राहिले नाहीत आणि पुढेही राहण्याचा संभव नाही, त्यांच्यापैकी अधिक श्रेष्ठ कोण, हा वाद क्रीडाक्षेत्रात फार जुना आहे. मुष्टियुद्धात तो शंभर वर्षांपूर्वीही होता. मिक्स्ड मार्शल आर्ट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्र युद्धकलेत तो विशेष तीव्रतेने चालतो. या खेळात ठोसे आणि लाथा, कुस्तीची पकड, ज्यूदोची फेक, तसेच ब्राझीलमध्ये विकसित झालेल्या जुजुत्सूतील सांधे पिळण्याचे व गळा आवळण्याचे डाव, अशा सर्व साधनांचा उपयोग करता येतो. प्रतिस्पर्धी बेशुद्ध पडला, त्याने हाताने थापटून शरणागती पत्करली, किंवा पंचाने लढत थांबविली, तर निर्णय तेथेच होतो. अन्यथा तीन परीक्षकांच्या गुणांवरून विजेता ठरतो. साधारण लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, तर विजेतेपदाची लढत पाच फेऱ्यांची असते. अमेरिकेतील अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजेच यू. एफ. सी., ही या खेळाची सर्वांत प्रभावी संघटना होय. २०२४ साली पूजा तोमर हिने या संघटनेत विजय मिळविला आणि असा विजय मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

या संघटनेत पुरुषांचा सर्वांत हलका गट १२५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५७ किलोंचा आहे. सर्वांत जड गटाची मर्यादा २६५ पौंडांची, म्हणजे सुमारे १२० किलोंची आहे. एकाचे वजन दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक असू शकते. या दोघांची तुलना कोणत्या मापाने करावयाची? हे कोडे केवळ क्रीडाप्रेमींच्या गप्पांचे आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु त्याचा मागोवा घेऊ लागले, म्हणजे न्याय्य तुलना कशाला म्हणावे, या अधिक गंभीर प्रश्नापाशी आपण येऊन पोहोचतो.

वजनगटांपूर्वीचा काळ

आपल्या आखाड्यांत कुस्ती लावण्यापूर्वी ‘जोड’ पाहण्याची पद्धत आहे. तोलामोलाचे मल्ल समोरासमोर आले, तरच कुस्तीला अर्थ येतो, हे तेथील वस्ताद जाणतात. मिश्र युद्धकलेच्या आधुनिक इतिहासाचा प्रारंभ मात्र नेमक्या उलट कल्पनेने झाला.

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात या संघटनेची पहिली स्पर्धा भरली. आठ स्पर्धक, प्रत्येकाची युद्धपद्धती वेगळी, वजनाचे कोणतेही बंधन नाही आणि नियम अगदी मोजके, असे तिचे स्वरूप होते. कोणती युद्धविद्या श्रेष्ठ, याचा प्रत्यक्ष निकाल लावावा, हा तिचा जाहीर हेतू होता. पहिल्याच लढतीत नेदरलँड्सचा जेरार्ड गोर्डो याने त्याच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड असलेल्या तैला तुली या सुमो मल्लाला अर्ध्या मिनिटाच्या आत निष्प्रभ केले. अंतिम विजय मात्र ब्राझीलच्या रॉइस ग्रेसी या सडपातळ तरुणाला मिळाला. त्याचे वजन अवघे ८० किलोंच्या आसपास होते. एका मुष्टियोद्ध्याला, केन शॅमरॉक या बलदंड मल्लाला आणि शेवटी गोर्डोला त्याने एकाच रात्री शरण आणले. डिसेंबर १९९४ मध्ये त्याने डॅन सेव्हर्न या आपल्यापेक्षा ३० किलोंहून अधिक जड मल्लाला हरविले. बराच वेळ सेव्हर्नच्या भाराखाली तो पाठीवर पडून होता. अखेरीस त्याने आपल्या दोन्ही पायांच्या त्रिकोणात सेव्हर्नची मान व हात अडकवून त्याला शरणागती पत्करावयास लावली.

या विजयांवरून विद्येपुढे वजन व्यर्थ आहे, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. तो अर्धाच खरा होता. ग्रेसीच्या प्रतिस्पर्ध्यांना त्याच्या डावांची ओळखच नव्हती. अज्ञात शस्त्राने लढणाऱ्याचा लाभ त्याला मिळत होता. थोड्याच वर्षांत ती विद्या सर्वांची झाली. मल्लांनी गळा सोडविण्याचे उपाय आत्मसात केले, ठोसेबाजांनी जमिनीवरून उठून उभे राहण्याचा अभ्यास केला. मे २००६ मध्ये ग्रेसी पुन्हा उतरला, तेव्हा त्याच्याच वजनाच्या मॅट ह्यूजने त्याला पहिल्याच फेरीत पराभूत केले. ग्रेसीचे वय त्या वेळी ३९ वर्षांचे होते हे खरे. पण ज्या विद्येने त्याने मोठमोठ्यांना जिंकले होते, ती आता प्रतिस्पर्ध्यालाही अवगत होती, हेही तितकेच खरे.

विद्या समसमान झाली, की वजनाचे महत्त्व परत येते. बी. जे. पेन हा अतिशय कुशल लढवय्या २००४ साली वेल्टरवेट गटाचा, म्हणजे ७७ किलोंचा विजेता झाला. मार्च २००५ मध्ये जपानमध्ये तो ल्योतो माचिदा या आपल्यापेक्षा सुमारे १५ किलोंनी जड अशा योद्ध्याशी लढला. तो अखेरपर्यंत टिकला, पण गुणांवर हरला. त्याच्या कौशल्यात काही उणे नव्हते. उणे होते ते वजन.

फेब्रुवारी १९९७ मध्ये यू. एफ. सी. ने प्रथमच २०० पौंडांची, म्हणजे ९१ किलोंची रेषा आखून दोन गट पाडले. २००० साली न्यू जर्सी राज्याच्या क्रीडा-नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने या खेळाची समान नियमावली तयार झाली आणि आजचे वजनगट बव्हंशी तिच्यातूनच रूढ झाले. प्रत्येक गटात न्याय आला; पण त्याबरोबरच प्रत्येक गटाला स्वतंत्र विजेता मिळाला आणि या विजेत्यांत श्रेष्ठ कोण, या प्रश्नाला कायमचे घर मिळाले.

‘पाउंड फॉर पाउंड’ ही कल्पना

या प्रश्नाचे जे उत्तर इंग्रजी भाषिक जगाने शोधले, ते ‘पाउंड फॉर पाउंड’ या शब्दप्रयोगात सामावलेले आहे. ‘वजनाच्या मानाने’ असा त्याचा अर्थ सांगता येईल. मुष्टियुद्धाच्या इतिहासात ही उपाधी अमेरिकेच्या शुगर रे रॉबिन्सन याच्या नावाशी सर्वाधिक निगडित आहे. वेल्टरवेट आणि मिडलवेट या दोन्ही गटांत तो विजेता होता, आणि आकार समान असता तर त्याने सर्वांना जिंकले असते, असे त्याचे समकालीन म्हणत.

ही कल्पना रॉबिन्सनने स्वतः एकदा प्रत्यक्षात उतरवून पाहिली. २५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये तो लाइट हेवीवेट गटाचा विजेता जोई मॅक्सिम याच्याशी लढला. मॅक्सिम त्याच्यापेक्षा सुमारे ७ किलोंनी जड होता. त्या रात्री उष्मा इतका भयंकर होता, की पंचालाही मध्येच मैदान सोडावे लागले आणि दुसरा पंच आणावा लागला. तेरा फेऱ्यांपर्यंत रॉबिन्सन गुणांत पुढे होता. परंतु जड माणसाचा भार पेलता पेलता त्याची शक्ती संपली आणि चौदाव्या फेरीसाठी तो आसनावरून उठू शकला नाही. श्रेष्ठ कौशल्य आणि अधिक वजन यांच्यातील तफावत कशी फेडावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

मिश्र युद्धकलेतही अशी एक कसोटी घडून आली. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे फेदरवेट गटाचा विजेता अलेक्झांडर व्होल्कानोव्स्की हा वरच्या गटाचा विजेता इस्लाम माखाचेव्ह याच्याशी लढला. सर्व वजनगटांच्या एकत्रित क्रमवारीत त्या वेळी व्होल्कानोव्स्की पहिला आणि माखाचेव्ह दुसरा होता. पाचही फेऱ्या चुरशीच्या झाल्या आणि माखाचेव्ह गुणांवर विजयी ठरला. तथापि, नंतर प्रसिद्ध झालेल्या क्रमवारीत पहिले स्थान व्होल्कानोव्स्कीकडेच राहिले. जिंकलेला दुसरा आणि हरलेला पहिला! अनेकांना हा निव्वळ हास्यास्पद प्रकार वाटला. परंतु ‘वजनाच्या मानाने’ या शब्दांचा अर्थ प्रामाणिकपणे स्वीकारला, तर खालच्या गटातून वर येऊन इतकी निकराची झुंज देणाऱ्याला पहिला क्रमांक देणे मुळीच विसंगत नव्हते. विसंगती असेल, तर ती मूळ प्रश्नातच आहे.

एका प्रश्नातील तीन प्रश्न

वाद घालणारे एकच वाक्य उच्चारतात, पण त्यांच्या मनात तीन वेगवेगळे प्रश्न असतात. पहिला असा: दोघांना आज एकमेकांसमोर उभे केले, तर कोण जिंकेल? दुसरा असा: दोघांचे आकारमान सारखे केले, तर कोण जिंकेल? आणि तिसरा असा: आपल्या गटात आणि आपल्या काळात, समोर आलेल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, अधिक मोठे कर्तृत्व कोणी गाजविले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमीच सर्वांत जड गटाच्या बाजूने लागेल. ते खरे असले, तरी त्यापासून आपल्याला नवे काहीच कळत नाही. दुसरा प्रश्न मनोवेधक आहे, आणि बहुतेक वाद याच प्रश्नावर होतात. त्याचे उत्तर देता येईल की नाही, हे पाहण्यासाठी आपल्याला शरीराच्या गणिताकडे वळावे लागेल.

शरीराचे गणित

एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर तिचे पृष्ठफळ चौपट होते, पण घनफळ आठपट होते. प्राण्यांच्या देहाला हा नियम कसा लागू पडतो, याचे विवेचन गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले होते. स्नायूचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात अवलंबून असते. शरीराचे वजन मात्र घनफळावर, म्हणजे घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच मोठ्या शरीराचे एकूण बळ जास्त असले, तरी दर किलोमागे येणारे बळ कमी असते.

भारोत्तोलनाच्या विक्रमांवरून हा नियम पडताळून पाहता येतो. १९५६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एम. एच. लिट्झके यांनी दाखवून दिले, की उचललेला भार शरीराच्या वजनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढतो. या हिशेबाने ६० किलोंच्या माणसाचे वजन दुप्पट, म्हणजे १२० किलो झाले, तर त्याचे बळ दुप्पट न होता सुमारे १.६ पट होईल. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लू याने ६० किलोंच्या गटात १९० किलोंचा भार डोक्यावर उचलला. तो त्याच्या वजनाच्या तिपटीहून अधिक होता. सर्वांत जड गटातील मल्लाने आपल्या वजनाच्या तिप्पट उचलावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. भिन्न वजनांच्या भारोत्तोलकांची तुलना करण्यासाठी गणिती गुणक वापरले जातात आणि त्यांवर फारसा वाद होत नाही; कारण तेथे मोजावयाची गोष्ट एकच, आणि ती किलोंत मोजता येते.

लढतीत मोजावयाची गोष्ट एक नाही. लहान देह चपळ असतो, लवकर थकत नाही, डावामागून डाव टाकू शकतो. मोठ्या देहाच्या एका ठोशातच लढत संपविण्याची ताकद असते. यू. एफ. सी. च्या ५७ किलोंच्या गटातील डेमेट्रियस जॉन्सन याने सलग ११ वेळा विजेतेपद राखले; सर्वांत जड गटात स्टिपे मिओचिच याने २०१८ पर्यंत सलग तीन वेळा ते राखले, तोच तेथे विक्रम ठरला. यावरून जॉन्सन मिओचिचपेक्षा जवळजवळ चौपट श्रेष्ठ होता, असे म्हणता येईल काय? तसे नाही. जड गटात एका निसटत्या चुकीची किंमत विजेतेपदाएवढी असते, तर हलक्या गटात ती बहुधा एका फेरीएवढी असते. हलक्या गटात कौशल्याचा विजय अधिक नियमितपणे होतो. जड गटात दैवाचा वाटा मोठा असतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे परत पाहू. जॉन्सनला कल्पनेने १२० किलोंचा केला, तर ज्या विद्युत्‌वेगासाठी आपण त्याची स्तुती करतो, तो वेगच त्याच्यापाशी उरणार नाही. उलट, एखाद्या जड योद्ध्याला ५७ किलोंचा केला, तर त्याचा संहारक ठोसा नाहीसा होईल. ज्या गुणांची तुलना करावयाची, ते गुणच आकारमानातून निर्माण झालेले असतात. आकार बदलून माणूस तोच ठेवता येत नाही. म्हणून दुसरा प्रश्न केवळ अवघड आहे असे नव्हे, तर त्याची मांडणीच सदोष आहे. उरतो तो तिसरा प्रश्न: प्रत्यक्ष कर्तृत्वाचा.

काही प्रमुख दावेदार

रशियाचा फ्योदोर एमेल्यानेन्को हा जपानमधील ‘प्राइड’ या संघटनेचा जड गटाचा विजेता होता. डिसेंबर २००० मध्ये जखमेमुळे थांबविण्यात आलेली एक लढत सोडली, तर जून २०१० पर्यंत त्याला कोणी हरवू शकले नाही. जेथे एका ठोशात निकाल लागतो, त्या गटात जवळजवळ दहा वर्षे अपराजित राहणे ही असामान्य गोष्ट होय. ‘प्राइड’मध्ये विषम जोडीच्या लढतीही होत असत, आणि फ्योदोर स्वतः आजच्या जड गटाच्या मानाने फार थोराड नव्हता. मात्र यू. एफ. सी. मध्ये तो कधीच उतरला नाही, आणि जून २०१० पासून तो लागोपाठ तीन वेळा हरला. तिसरा पराभव डॅन हेंडरसन या त्याच्यापेक्षा हलक्या गटातून आलेल्या योद्ध्याकडून झाला.

ब्राझीलचा अँडरसन सिल्वा ऑक्टोबर २००६ ते जुलै २०१३ या काळात मिडलवेट गटाचा विजेता होता. त्याने दहा वेळा विजेतेपद राखले आणि सलग १६ लढती जिंकल्या. त्यांपैकी तीन त्याने वरच्या गटात जाऊन जिंकल्या. ऑगस्ट २०१० मध्ये चेल सॉनेन याने चार फेऱ्या त्याला जमिनीवर दाबून ठेवले होते. पाचव्या फेरीत, पराभव अगदी जवळ आला असताना, त्याने पायांच्या पकडीत सॉनेनला अडकवून शरण आणले. हालचालींच्या सौंदर्यात त्याची बरोबरी करणारा योद्धा या खेळाने क्वचितच पाहिला असेल. परंतु २०१५ साली निषिद्ध द्रव्याच्या चाचणीत तो दोषी ठरला आणि त्याच्या नावावर डाग पडला.

अमेरिकेचा जॉन जोन्स मार्च २०११ मध्ये वयाच्या २३ व्या वर्षी यू. एफ. सी. चा सर्वांत तरुण विजेता झाला. लाइट हेवीवेट गटातील जवळजवळ सर्व नामवंतांना त्याने नमविले, आणि २०२३ साली जड गटात जाऊन तेथील विजेतेपदही पहिल्याच फेरीत मिळविले. त्याच्या नोंदीतील एकमेव पराभव २००९ सालचा असून तो कोपराच्या निषिद्ध प्रहाराबद्दल अपात्र ठरविल्यामुळे झालेला आहे. त्या प्रहारावरील बंदी २०२४ मध्ये उठविण्यात आली. जून २०२५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. केवळ कर्तृत्वाची यादी पाहिली, तर त्याच्याइतका समृद्ध दावा दुसऱ्या कोणाचाही नाही. पण २०१६ साली आणि पुन्हा २०१७ साली तो उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी आढळला, आणि दुसऱ्या वेळी त्याचा विजय रद्दबातल करण्यात आला. लवादाने हेतुपुरस्सर सेवनाचा ठपका त्याच्यावर ठेवला नाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल. त्याच्या बाबतीत आणखी एक मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो. त्याच्या हातांचा पल्ला २१५ सेंटिमीटरच्या जवळपास होता. वजनगट वजन समान करतो. हातांची लांबी समान करीत नाही.

डेमेट्रियस जॉन्सन याचा उल्लेख वर आलाच आहे. २०१२ ते २०१८ पर्यंत तो विजेता होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याने रे बोर्गला हवेत उचलून फेकले आणि तो खाली पडत असतानाच त्याचा हात पकडून पिळला. हा डाव या खेळातील कारागिरीचा उच्चांक समजला जातो. त्याच्या गटात प्रतिस्पर्धी थोडे होते, असा आक्षेप घेतला जातो. तो काही अंशी खरा आहे.

दागिस्तानचा हबीब नुर्मागोमेदोव २९ लढतींत अपराजित राहून ऑक्टोबर २०२० मध्ये निवृत्त झाला. त्याच्यावर कोणी वर्चस्व गाजविले नाही, पण विजेतेपद त्याने तीनच वेळा राखले. महिलांमध्ये ब्राझीलची अमांडा नुनेस हिचे स्थान बहुधा निर्विवाद मानले जाते. डिसेंबर २०१८ मध्ये तिने वरच्या गटाच्या विजेत्या ख्रिस सायबोर्गला ५१ सेकंदांत पराभूत केले, आणि दोन गटांची विजेतेपदे एकाच वेळी हाती असताना दोन्ही राखण्याचा पराक्रम यू. एफ. सी. मध्ये प्रथम तिने केला.

शेवटी कॅनडाच्या जॉर्ज सेंट-पिअरचा विचार करू. बालपणी कराटे शिकलेल्या या योद्ध्याने मल्लविद्या प्रौढपणी आत्मसात केली, आणि ती इतकी, की अमेरिकेच्या विद्यापीठांतून तयार झालेल्या विजेत्या मल्लांनाही तो जमिनीवर आणीत असे. वेल्टरवेट गटाचे विजेतेपद त्याने सलग नऊ वेळा राखले. सर्व कारकिर्दीत तो दोनदाच हरला, आणि दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना त्याने पुढे हरविले. २०१३ च्या अखेरीस त्याने विजेतेपदाचा त्याग केला. चार वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, परत येऊन वरच्या गटाचे विजेतेपद जिंकले. तो कोणत्याही चाचणीत कधी दोषी ठरला नाही. उलट, चाचण्या अधिक कडक कराव्यात, अशी मागणी त्याने स्वतः केली होती.

वजनकाटा आणि रक्त

या दावेदारांची तुलना करताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: काट्यावर दिसलेले वजन हे लढणाऱ्याचे खरे वजन होते. दुर्दैवाने ते बहुधा तसे नसते. वजन लढतीच्या आदल्या दिवशी केले जाते. त्यापूर्वी योद्धे पाणी पिणे थांबवितात, गरम पाण्यात किंवा वाफेच्या खोलीत बसून घाम गाळतात, काही दिवसांत कित्येक किलो पाणी शरीरातून काढून टाकतात आणि काट्यावरून उतरल्यावर ते परत भरून काढतात. ७० किलोंच्या गटात नोंदलेला माणूस लढतीच्या वेळी पुष्कळ अधिक वजनाचा असू शकतो. मग ‘वजनाच्या मानाने’ या शब्दांतील वजन कोणते?

या प्रथेची किंमत माणसांनी प्राण देऊन चुकविली आहे. २०१३ साली ब्राझीलमध्ये आणि २०१५ साली फिलिपाइन्समध्ये लढतीपूर्वी वजन उतरविताना एकेक तरुण योद्धा मृत्युमुखी पडला. दुसऱ्या घटनेनंतर आशियातील ‘वन चॅम्पियनशिप’ या संघटनेने नियम बदलले. केवळ वजनच नव्हे, तर शरीरातील पाण्याचे प्रमाणही तपासले जाऊ लागले, आणि वजनगटांच्या मर्यादा वर सरकविण्यात आल्या. डेमेट्रियस जॉन्सन पुढे याच संघटनेत गेला. तेथील फ्लायवेट गट १३५ पौंडांचा, म्हणजे ६१ किलोंचा असून, ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने त्या गटाचेही विजेतेपद मिळविले.

वजनाची ही रेषा किती निष्ठुर असते, हे भारतीय वाचकास सांगण्याची आवश्यकता नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या कुस्तीत विनेश फोगट हिने एका दिवसात तीन लढती जिंकून अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वजन ५० किलोंपेक्षा १०० ग्रॅमने अधिक भरले आणि ती अपात्र ठरली. नियम सर्वांना सारखाच होता. पण ज्या प्रथेमुळे खेळाडूला स्वतःच्या शरीराशी असा झगडा करावा लागतो, ती प्रथा नियमाच्या मूळ हेतूपासून फार दूर गेली आहे, हेही विसरता येत नाही. समान जोड लावावी, यासाठी वजनगट आले. आज पुष्कळदा ते असमान जोड मिळविण्याचे साधन झाले आहेत.

रक्ताच्या बाबतीतही असेच म्हणावे लागते. यू. एफ. सी. मध्ये स्वतंत्र संस्थेकडून वर्षभर चाचण्या घेण्याची पद्धत २०१५ साली सुरू झाली. त्यापूर्वी काही लढवय्यांना वैद्यकीय परवान्याने टेस्टोस्टेरॉन घेण्याची मुभाही होती. ती २०१४ मध्ये बंद झाली. ‘प्राइड’च्या काळात तर चाचण्या नाममात्र होत. म्हणजे भिन्न काळांतील विक्रम आपण शेजारी शेजारी मांडतो, तेव्हा ते वेगवेगळ्या तराजूंत तोललेले असतात.

निष्कर्ष

तर मग श्रेष्ठ कोण? केवळ जिंकलेल्या लढतींचे आणि पराभूत केलेल्या प्रतिस्पर्ध्यांचे मूल्य करावयाचे असेल, तर जॉन जोन्स. कारागिरीच्या परिपूर्णतेला अग्रस्थान द्यावयाचे असेल, तर डेमेट्रियस जॉन्सन. परंतु ज्या तुलनेचा पायाच वजन आणि शरीर यांच्या प्रामाणिक मोजणीवर उभा आहे, त्या तुलनेत मोजणी निर्दोष असणे ही स्वतंत्र आणि मोठी पात्रता मानावयास हवी. दोन वजनगटांत विजेतेपद, प्रत्येक पराभवाची परतफेड, दीर्घकाळ अबाधित वर्चस्व आणि निष्कलंक चाचण्या हे चारही निकष एकत्र लावले, तर जॉर्ज सेंट-पिअर याचे नाव सर्वांत पुढे येते, असे आम्हांस वाटते.

वाचकाने हा निर्णय मान्य करावा, असा आग्रह नाही. फ्योदोरच्या किंवा हबीबच्या बाजूनेही आदरणीय युक्तिवाद करता येतात. मात्र वाद घालण्यापूर्वी आपण तीन प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काटा खरा आहे की नाही, याची चौकशी करावी. काटा खोटा असेल, तर क्रमवारीत पहिला कोण, या वादाला फारसा अर्थ उरत नाही. आणि त्या खोटेपणाची किंमत क्रमवारी लावणाऱ्याला नव्हे, तर वाफेच्या खोलीत बसून घाम गाळणाऱ्या एखाद्या अनाम तरुणाला मोजावी लागते.